एकशे बेचाळीस रोगी, एक छाती

४ फेब्रुवारी

आज पोटदुखीच्या रोग्यामागे छातीचा एक्स-रे लावला. मी म्हटलं, "अहो, याला अपेंडिक्स आहे." दिग्दर्शक म्हणाले, "असू दे. मागे काहीतरी उजळलेलं हवं, नाहीतर फ्रेम रिकामी दिसते." अपेंडिक्सला फ्रेम भरता येत नाही, हा त्याचाच दोष.

तीन वर्षं झाली, या इस्पितळाच्या मालिकेत मी संवाद लिहिते आणि आजार पुरवते. त्याआधी वर्तमानपत्रात लोकांच्या फजितीचं सदर लिहायची. निर्मात्यांना वाटलं, जी माणसांत खोट काढते ती रोगही काढेल. मदतीला एक जाडजूड वैद्यकाचं पुस्तक आहे आणि एक वैद्यकीय सल्लागार. सल्लागार म्हणजे निर्मात्यांचे मेव्हणे. डॉक्टर आहेत, नाही असं नाही, दातांचे. मेंदूची शस्त्रक्रिया असो की बाळंतपण, कागदावरून नजर फिरवून म्हणतात, "चालेल." एकदा दाढदुखीचा प्रसंग लिहिला, तेव्हा मात्र अकरा चुका काढल्या.

७ फेब्रुवारी

हिरोची बरगडी मोडते आणि त्याच दिवशी तो हिरॉइनला उचलून तीन मजले चढतो.

मी कागद आपटला. "मी कॉलेजात असताना सायकलवरून उजव्या कुशीवर आपटले होते. एक बरगडी गेली. सहा आठवडे नुसती शिंक येणार म्हटलं तरी आई आठवायची. आणि हा बाईला उचलतो?"

"तुम्ही हिरो नाही आहात, बाई," निर्माते म्हणाले. मुद्दा बिनतोड होता.

चढला शेवटी. दोन टेक झाले, कारण पहिल्यात मला खोकला आला. आमच्या शस्त्रक्रियेच्या खोलीत यंत्राने धुकं सोडतात. धुक्यात पोट फाडलं की प्रेक्षकाला पवित्र वाटतं म्हणे. ते धुकं माझ्या घशात उतरलं आहे आणि गेले काही महिने मुक्कामाला आहे.

११ फेब्रुवारी

वाहिनीच्या पत्त्यावर आलेलं पत्र माझ्याकडे ढकललं गेलं. बारीक, ताठ अक्षर. तसंच चिकटवते.

"सप्रेम नमस्कार. मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले. आता घरी असते, तुमची मालिका रोज बघते. तुमच्या रोग्यांची छाती उलट्या बाजूने लावलेली आहे. हृदयाचं टोक फोटो बघणाऱ्याच्या उजव्या हाताला दिसायला हवं. तुमच्याकडे ते डाव्या हाताला दिसतं. दुरुस्त करावे. ता. क. आजवर एकशे बेचाळीस रोग्यांना एकच छाती आहे. मोजले आहेत. त्याबद्दल तक्रार नाही."

मी सेटवरचं सामान सांभाळणाऱ्या प्रॉपर्टीवाल्या काकांना गाठलं. "काका, फिल्म उलटी आहे म्हणतात."

"कोण म्हणतं? सरळ आहे की. मान वर, पोट खाली."

"तसं नव्हे. डावं-उजवं."

"ताई, फिल्मवर नावाचा आणि खुणेच्या अक्षराचा कोपरा होता. रोगी रोज नवा, नाव एकच, म्हणून मी तो कापला. कापलेला कोपरा चिमट्याखाली लपतो अशा बाजूने लावली. तीन वर्षांत कोणाची तक्रार नाही."

सल्लागारांना फोन केला. म्हणाले, "चालेल."

झालं तर. तीन वर्षं चाललेली गोष्ट एका पत्राने उलटी होत नसते. उत्तर लिहिलं: "बाई, आमच्या मालिकेत कोणाचंच हृदय जागेवर नाही, म्हणून तर ती चालते. फिल्म मात्र सरळ आहे." लिहून बरं वाटलं. सदर बंद पडल्यापासून कोणाला टोला हाणला नव्हता.

गंमत म्हणजे ही छाती आमच्याच घरातली. मालिका सुरू व्हायच्या थोडं आधी यांच्या कार्यालयाने नवरा-बायकोंची जोडीने तपासणी करून दिली होती. दोघांच्याही अहवालात लिहिलं होतं, 'विशेष काही नाही.' ते वाचून हे म्हणाले, "तुझ्याबद्दल असं लिहायची हिंमत पहिल्यांदाच कोणी केली." दोन्ही फिल्म मी काकांना देऊन टाकल्या. एक पहिल्याच आठवड्यात दिव्याच्या आचेने आकसली आणि केराच्या टोपलीत गेली. दुसरी अजून नोकरीत आहे. यांची की माझी, कोणी विचारलं नाही.

२० फेब्रुवारी

बाईंचं दुसरं पत्र.

"उत्तर पोचलं. विनोद कळला. फिल्म उलटीच आहे. आता कामाचं. परवा तुम्ही ती पहिल्यांदाच पडदाभर दाखवलीत. खांद्याकडे जाणाऱ्या गळ्याच्या हाडामागे वाटाण्याएवढी सावली आहे. ती हाडाची नाही. त्याच छातीत सातवी बरगडी जुनी मोडून सांधलेली आहे. या छातीला तुम्ही न्यूमोनिया दिलात, हृदयविकार दिलात, विषबाधा दिलीत, प्रेमभंगही दिलात. ही सावली कोणी पाहिली नाही. फोटो कोणाचा आहे? दाखवून घ्यायला सांगा. टीव्हीवरून निदान करू नये हे मला कळतं. निदान करत नाही. दाखवा म्हणते."

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं नाही.

२१ फेब्रुवारी

सेटवर सगळे जेवायला गेल्यावर फिल्म उजळून दाखवणारा लाइट बॉक्स लावला. आहे. वाटाणा आहे. एकदा दिसला की मग दुसरं काही दिसत नाही. तीन वर्षं मी याच्यासमोर उभी राहून माणसांना रोग वाटले!

मग बरगडी शोधली. मोडून सांधलेली, मध्ये जरा जाडसर झालेली. माझीही अशीच मोडली होती. पण मी हिशोबाची बाई आहे. फिल्मसमोर उभी राहिले. समोरच्या माणसाचा डावा हात माझ्या उजव्या हाताला येतो. मोडकी बरगडी माझ्या उजव्या हाताला. म्हणजे त्या माणसाची डावी. माझी मोडली ती उजवी.

म्हणजे ही छाती माझी नाही. यांची आहे.

यांनी बरगडी मोडल्याचं कधी सांगितलेलं नाही. पण हा माणूस दुखलेलं सांगतो कुठे? एकदा दारात बोट चेमटलं तेव्हा दाराचीच विचारपूस केली होती.

एकतीस वर्षं एक्स-रे काढणाऱ्या बाईंच्या डोळ्यांना सावली दिसते आणि फिल्मची बाजू कळत नाही! असो. सावलीचं त्यांचं खरं, बाजूचं माझं.

२४ फेब्रुवारी

तीन दिवस यांच्याकडे बघते आहे. बोलण्याआधी खाकरतात. पूर्वीही खाकरायचे का? हल्ली जिन्यात दुसऱ्या मजल्यावर मी मुद्दाम थांबते, यांना दम लागू नये म्हणून. हे माझी पिशवी हातातून घेतात आणि शेजारी उभे राहतात. तेवढ्यात मलाही जरा बरं वाटतं.

आज चहा देता देता विचारलं, "अहो, तुमची बरगडी कधी मोडली होती?"

"माझी? लग्नाआधी की नंतर?"

"थट्टा नको. मोडली होती का?"

"मोडली असती तर तुला कळलं नसतं का? मी साध्या सर्दीत मृत्युपत्र करतो असं तूच सगळ्यांना सांगतेस."

असं मी सांगते खरं. पण ते सदरासाठी.

मग पत्र पुढे केलं. यांनी चष्मा पुसला, सावकाश वाचलं, घडी घालून माझ्या बशीखाली ठेवलं.

"खोकतेस तू," म्हणाले.

"मी धुक्याने खोकते. तुम्ही खाकरता."

"मी खाकरतो ते तुझ्यापुढे बोलायची परवानगी मागतो म्हणून. जाऊ या. पण दोघांनी फोटो काढायचे."

"मला कशाला? माझी बरगडी उजवी आहे!"

यांना मी सगळा हिशोब हात करून दाखवला. हे मान हलवत राहिले. पटलं असावं.

१ मार्च

निर्मात्यांकडे फिल्म मागितली. डॉक्टरांना जुनी दाखवायला हवी ना.

"बाई, ती छाती म्हणजे मालिकेची ओळख आहे. उद्यापासून दुसरी छाती दिसली तर प्रेक्षक काय म्हणेल?"

"प्रेक्षक तीन वर्षं जे म्हणतोय ते तुम्ही माझ्या टेबलावर ढकलता."

"कोण ती म्हातारी? अहो, अशी पत्रं रोज येतात. परवा एकाने हिरोकडे मूळव्याधीवर औषध मागितलं. आणि हे बघा, टीव्हीवर चुकीचा फोटो दाखवला असं बाहेर गेलं तर वाहिनी माझी चामडी सोलेल. तोंड बंद ठेवा."

या तोंडावर मी आजवर कमावून खाल्लं आहे. ते बंद ठेवायला सांगणं म्हणजे सुताराला म्हणणं, करवत घरी ठेवून ये.

जेवणाच्या सुट्टीत फिल्म बॉक्सवरून काढली, गुंडाळी करून पिशवीत घातली आणि चालू लागले. काकांनी पाहिलं आणि पाठ फिरवून खुर्च्या मोजायला लागले. दुपारी म्हणे हिरो कॅमेऱ्यासमोर पांढऱ्याफटक काचेवर बोट ठेवून म्हणाला, "आई, तुमच्या फुफ्फुसांत आता काहीही उरलेलं नाही." टेक ओके झाला.

३ मार्च

आधी यांचा फोटो. एक्स-रे काढणारी मुलगी चटपटीत, केस घट्ट बांधलेले. यांची फिल्म लावली. स्वच्छ. वाटाणा नाही. बरगड्या चोवीसच्या चोवीस शाबूत.

"मग ही कोणाची?" मी पिशवीतून गुंडाळी काढली.

तिने ती सरळ केली, लाइट बॉक्सवर लावली, एक क्षण बघितली आणि उलटवून पुन्हा लावली. आपण घडी चुकलेला टॉवेल उलटवतो तशी.

हृदय माझ्या उजव्या हाताला आलं. मोडकी बरगडी डाव्या हाताला गेली.

"ही या काकांची नाही," ती यांच्याकडे बघून म्हणाली. "ही तर एका बाईची आहे. हे काय, स्तनांची सावली दिसतेय ना."

यांनी खाकरलं नाही. नुसता माझा हात धरला.

उजवी. सातवी.

४ मार्च

काही लिहायचं नाही.

५ मार्च

लिहायचं आहे.

डॉक्टर तरुण, घाईत. माझा जुना अहवाल पाहून म्हणाले, "यात तर सगळं ठीक आहे. शंका कोणी काढली?"

"मालिकेच्या प्रेक्षक बाईंनी."

"मॅडम, मालिका जरा कमी बघा."

"बघत नाही. लिहिते. तुमच्यासारखी माणसं दिवसाला चार लिहिते. त्यांना बघता क्षणी सगळं कळतं, म्हणून माझी त्यांच्यावर श्रद्धा नाही. तुम्ही फिल्म बघा."

त्यांनी बघितली. मग एक्स-रेवाल्या मुलीने परवा काढलेली माझी नवी फिल्म शेजारी लावून बघितली. मग खुर्ची पुढे ओढून बसले. माझ्या मालिकेत अशा वेळी ढोल वाजतात. इथे फक्त पंखा वाजत होता.

"वाढली आहे," म्हणाले. "थोडी. हाडामागे होती, तेव्हा निसटली असावी. निसटायला नको होती."

"काय आहे ती?"

"मला आत्ता माहीत नाही. स्कॅन करू, सुईने तुकडा घेऊ, मग सांगतो."

तीन वर्षांत मी हे वाक्य कोणत्याही डॉक्टरच्या तोंडी घातलेलं नाही. सल्लागारांनीसुद्धा 'चालेल' म्हटलं नसतं. पण ते ऐकून मला त्या माणसाचा पहिल्यांदा भरवसा वाटला.

परत येताना हे दुसऱ्या मजल्यावर थांबले. मी म्हटलं, "दम तुम्हाला लागत नव्हता ना?"

"नाही."

"मग इतके दिवस का थांबायचात?"

"तू थांबायचीस म्हणून."

६ मार्च

बाईंना पत्र टाकलं. "फिल्म उलटी होती. छाती माझी आहे. आता सुईने तुकडा घेणार आहेत. तुमच्याशी उद्धटपणा केला, तो परत घेते. बाकीचा ठेवते, पुढे लागणार आहे."

१३ मार्च

बाईंचं उत्तर. "उद्धटपणा ठेवा. बाईची छाती आहे हे दिसत होतंच, पण तुम्ही ती पैलवानालाही लावलीत, तेव्हा म्हटलं बोलण्यात अर्थ नाही. सुई टोचताना श्वास धरायला सांगतील. सांगतील तेवढाच धरा, हुशारी करू नका."

सुई टोचून झाली. हुशारी केली नाही. निकालाला आठवडा.

१६ मार्च

निर्माते घरी. हातात फळांची टोपली, चेहरा उतरलेला. पाच मिनिटांत चढला.

"बाई, वाईट वाटू देऊ नका, पण काय कथा आहे! हिरॉइनच्या आईला हाच आजार. तीन आठवडे रडारड. मग हिरो तिच्या डोळ्यांत बघतो, हसतो आणि म्हणतो, आई, तुम्ही बऱ्या झालात."

"डोळ्यांत बघून फुफ्फुस कळतं?"

"प्रेमाने सगळं कळतं."

"तसं असतं तर यांना आधी कळलं असतं," मी म्हटलं. हे आतल्या खोलीत काहीतरी पुसत होते. पुसायचे थांबले.

"कथा देते," मी म्हटलं. "माझी आहे, तुम्ही नाही म्हणालात तरी मीच लिहिणार. हिरो फिल्म उलटी लावतो. चुकतो. एक म्हातारी एक्स-रेवाली येते आणि सगळ्यांदेखत ती सरळ करते. आणि हिरो म्हणतो, मला माहीत नाही."

"हिरो चुकत नाही!"

"मग दुसरी लेखिका शोधा. फक्त तिच्या छातीचा फोटो आधी काढून घ्या."

टोपली ठेवून गेले. जाताना त्यातलं एक केळं घेऊन गेले.

१९ मार्च

निकाल. गाठ आहे. हळू वाढणाऱ्या जातीची. डॉक्टर म्हणाले, "फुफ्फुसाचा वरचा भाग काढावा लागेल. पसरलेली दिसत नाही. वेळेत आलात."

"मी आले नाही. मला पत्राने आणलं."

रडले. जिन्यात. दुसऱ्या मजल्यावर. तो मजला आता आमचाच झाला आहे.

२३ मार्च

हिरो घरी आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मेकअपशिवाय तो साधा, जरा घाबरट माणूस दिसतो.

"ताई, तो भाग लिहाच," म्हणाला. "मी निर्मात्यांना सांगितलंय, हा करणार असाल तर मी पुढचं वर्ष करतो."

"तुम्ही? चुकलेले दाखवतील तुम्हाला."

"मी थकलोय हो! भाजी घ्यायला गेलो तर लोक पोरांच्या जिभा दाखवतात. एक आजोबा औषध बंद करून बसले होते, का, तर मी टीव्हीवर म्हणालो मन खंबीर ठेवा. त्यांच्या सुनेने मला फोनवर शिव्या घातल्या. बरोबर घातल्या. मला एकदा तरी सगळ्यांसमोर 'माहीत नाही' म्हणू द्या."

इतकी वर्षं मी या माणसावर विनोद केले. ते मागे घेत नाही, चांगले होते. पण आज त्याला मी स्वतः चहा करून दिला, आणि माझ्या घरात तो मान मोजक्यांनाच आहे.

२ एप्रिल

उद्या दाखल व्हायचं. भाग लिहून पाठवला. सल्लागारांचा स्वतःहून फोन आला. म्हणाले, "मी हे सगळे कागद नीट बघायला हवे होते." मी वाट बघत होते. 'चालेल' आलं नाही. बरं झालं, ते मलाच म्हणायचं होतं.

भीती वाटते का? वाटते. पण भीतीला मी सांगून ठेवलं आहे, तू मागच्या बाकावर बस, मधेमधे बोलू नकोस.

१९ एप्रिल

घरी. कुशीवर वळता येत नाही. शिंक आली की आई आठवते. बरगडी मोडली तेव्हा आठवायची तशीच. जुनी ओळख निघाली. हे सकाळ-संध्याकाळ मला श्वासाचे व्यायाम करायला लावतात आणि फुंकणीतला गोळा वर चढला की टाळ्या वाजवतात. तीस वर्षांत माझ्या लेखनाला इतक्या टाळ्या वाजवल्या नाहीत.

१४ जून

सेटवर परत. तो भाग गेल्या महिन्यात दाखवला गेला. निर्माते सगळ्यांना सांगतात की कल्पना त्यांची. सांगू दे. 'माहीत नाही' मात्र हिरोने असं म्हटलं, की अख्ख्या मालिकेत मी एवढं एकच वाक्य नीट लिहिलं आहे असं वाटलं.

लाइट बॉक्स रिकामा होता. पिशवीतून माझी नवी फिल्म काढून काकांना दिली, गेल्या आठवड्यात काढलेली. त्यांनी लगेच कात्री काढली.

"नाव कापू नका. अक्षरही नाही."

"ताई, पण आजचा रोगी पुरुष आहे. अपेंडिक्स."

"असू दे. लोकांना कळू दे, छाती कोणाची आहे ते."

काकांनी दोनदा विचारून, डाव्या-उजव्याच्या खुणेचं अक्षर बघून, सरळ लावली.

१६ जून

निर्मात्यांचा फोन. "बाई, त्या फोटोत डावीकडे बारीक काहीतरी चमकतं. खिळ्यांसारखं. वाईट दिसतं. कॉम्प्युटरवर पुसून टाकतो."

"हात लावून बघा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

२१ जून

पत्र. बारीक, ताठ अक्षर.

"सप्रेम नमस्कार. परवाच्या भागात फिल्म सरळ होती आणि नवी होती. हाडामागची सावली नाही. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला धातूचे बारीक चिमटे दिसले, आणि त्याच बाजूला छाती-पोटामधला पडदा जरा वर सरकला आहे. फुफ्फुसाचा तुकडा काढल्यावर एवढं व्हायचंच. बाकी जागा भरून आली आहे. चांगलं काम झालं आहे. सातवी बरगडी होती तिथेच आहे. नावही वाचलं. ता. क. रोग्याला अपेंडिक्स होतं आणि तुम्ही पुन्हा छातीच लावलीत. त्याबद्दल तक्रार नाही."